विहिरीचं काहीच दुखत नव्हतं

मी आजवर एकच विहीर गाडली आहे. रीतसर गाडली, पुराव्यानिशी, आकडेवारीसह, शेवटी तीन रंगांतला आलेख जोडून. विहीर निर्दोष होती हे मला नंतर कळलं. तोवर तिच्या पोटात अठ्ठावीस ट्रक राडारोडा गेला होता.

शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत मी कनिष्ठ रसायनतज्ज्ञ आहे. कनिष्ठ मी एकटाच, त्यामुळे कनिष्ठांतला सर्वांत वरिष्ठही मीच. माझ्या वर मॅडम. मॅडमच्या वर छत, आणि छतातून गळणारं पाणी. ते तपासणं आमच्या कक्षेत येत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवं यंत्र आलं. कपाटाएवढं. माणसांनी अकरा वर्षं मागून न मिळालेला एसी त्याला आल्या दिवशी मिळाला. हे यंत्र पाण्यातली औषधं शोधतं. पोहण्याचे चारशे मोठे तलाव भरा, त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध टाका, ढवळा (कसं ते विचारू नका), आणि त्यातलं थोडं पाणी यंत्राला द्या; ते औषधाचं नाव सांगेल. आमच्या पडक्या खात्यात इतकं तीक्ष्ण नाक असलेलं कुणी नव्हतं.

औषधं पाण्यात येतात कुठून? माणूस गोळी गिळतो. शरीर हवं तेवढं ठेवून घेतं आणि उरलेलं खाली पाठवतं. सांडपाण्याचं केंद्र घाण काढतं, जंतू मारतं, पण विरघळलेल्या गोळीचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते बिचारं तिला नदीत सोडून मोकळं होतं. थोड्या अंतरावर नदीतून आपलेच पंप पाणी उचलतात. म्हणजे नदीपलीकडच्या कुणा काकांचा रक्तदाब, अत्यंत विरळ स्वरूपात, आपल्या चहात येतो. इतक्या विरळ औषधानं लगेच कुणाला काही होत नाही, असं मॅडम म्हणायच्या. मग थांबून म्हणायच्या, ‘म्हणजे अजून कुणी नीट शोधलेलं नाही.’ म्हणून आम्ही शोधत होतो.

पाण्याचे नमुने आणायचं काम बाटलीमामांचं. ते खात्यात कुणाचेच मामा नव्हते. एकतीस वर्षं काचेच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन फिरल्यावर खात्यानं त्यांना भाचे नेमून दिले, इतकंच. दर मंगळवारी आठ थांबे. पहिला थांबा त्यांच्याच गल्लीतली विहीर.

ही विहीर मामांचे वडील आणि आणखी पाच जणांनी मिळून खणली होती. गल्लीत नळ दिवसाआड यायचा, दीड तास, तोही तोंड वाकडं करून. चाळीस घरं विहिरीवर होती, आणि त्यांतलं एक मामांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे अक्कांचं. मामांचं लग्न झालं नाही; ते अक्कांकडेच राहायचे. मंगळवारी नमुना घेण्याआधी ते विहिरीचं ओंजळभर पाणी प्यायचे आणि मला येऊन सांगायचे, “माझी तपासणी झाली. आता तू तुझ्या कपाटाला विचारत बस.”

कपाटही दर वेळी तेच म्हणायचं. नदीच्या पाण्यात अठरा प्रकारची औषधं, विहिरीत शून्य. मामा तो कागद घडी करून खिशात ठेवायचे, नातवाच्या प्रगतिपुस्तकासारखा.

मामांची नमुना घ्यायची पद्धत होती. बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, तोंडावर तळहात दाबायचा, जोरात खळखळवायचं, ओतून टाकायचं. असं तीनदा. चौथ्यांदा भरायचा तो नमुना. हे त्यांना त्यांच्या साहेबांनी शिकवलेलं, साहेबांना त्यांच्या साहेबांनी. पाण्यातले क्षार आणि क्लोरीन मोजायचे दिवस होते तोवर या पद्धतीत काहीच खोट नव्हती. नव्या यंत्रासोबत आम्ही मामांना हातमोज्यांचा खोका दिला होता. तो त्यांनी अक्कांना दिला. अक्का मोजे घालून मिरच्या चिरायच्या आणि खात्याला दुवा द्यायच्या.

क्रेट उचलून उचलून मामांचं उजवं मनगट धरलं होतं. एकदा त्यांना बाटलीचं झाकण दातांनी उघडताना पाहिलं आणि मला राहवलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये मलमाची ट्यूब होती. आयुष्यात मी एकदाच बॅडमिंटन खेळलो, तेव्हापासून ती जवळ ठेवतो.

“रोज निघायच्या आधी लावा, मामा. मनगटाला, अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यालाही. चांगलं चोळून.”

मामांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. “खात्यानं मला एकतीस वर्षांत दोनच गोष्टी दिल्या. एक बदलीचा हुकूम, आणि दुसरा तो रद्द केल्याचा. ही तिसरी.”

“ही खात्याची नाही, माझी आहे.”

“मग पहिली.”

ट्यूब संपल्यावर मी दुसरी आणून दिली. नंतर तिसरी. चांगुलपणाची मला सवय नव्हती, त्यामुळे तो करताना प्रमाण राहिलं नाही.

त्याच सुमारास एका मंगळवारी यंत्रानं विहिरीच्या पाण्यात एक औषध दाखवलं. दुखणं थांबवणारं, गोळीतही असतं, मलमातही. नदीत ते थोडं असतंच. पण विहिरीत ते नदीच्या वीसपट निघालं. पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा.

आणि गंमत म्हणजे बाकीच्या थांब्यांवरही ते वाढलं होतं, पण शिस्तीत. विहिरीत सर्वांत जास्त. दुसऱ्या थांब्यावर, शाळेच्या नळात, त्याहून कमी. तिसऱ्यावर आणखी कमी. आठव्यावर नेहमीइतकं. मी आकडे कागदावर मांडले तर डावीकडून उजवीकडे अशी सुरेख घसरगुंडी उतरली की बघत राहावं. सिद्धांत मला दहा मिनिटांत सुचला: कुणीतरी विहिरीत जुन्या औषधांचा साठा फेकलाय, ते जमिनीत झिरपतंय, आणि फुटक्या पाइपांतून नळांत शिरतंय. आमचे पाइप फुटके आहेत याबद्दल शहरात दुमत नव्हतं, त्यामुळे सिद्धांताला लगेच पाठिंबा मिळाला.

मॅडमनी मात्र दोन प्रश्न विचारले.

“एकच औषध कसं? त्या गल्लीत कुणाला बीपी नाही? साखर नाही? औषधं फेकणारा माणूस निवडून एकच फेकेल?”

“बाकीची मातीनं धरून ठेवली असतील, मॅडम.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते अहवालातही घातलं.

“आणि कोरी बाटली?”

कोरी बाटली म्हणजे अशी. प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी मामांसोबत पाठवायचं. ते त्यांनी विहिरीपाशी, बाकी नमुन्यांसारखंच, दुसऱ्या बाटलीत भरून परत आणायचं. त्यात काही सापडलं तर दोष पाण्याचा नाही, आपला. साधी गोष्ट आहे. शाळेतल्या मुलालाही कळेल.

कोऱ्या बाटलीत औषध सापडलं होतं. भरपूर.

मी मामांना बोलावलं. “मामा, लेबल चुकवलंत तुम्ही. कोऱ्या बाटलीतही विहिरीचंच पाणी गेलं.”

“नाही गेलं.”

“गेलंय. यंत्र खोटं बोलत नाही.”

“एकतीस वर्षांत मी एक लेबल चुकवलं नाही रे.”

“वय होतं, मामा,” मी म्हणालो.

आमच्या यंत्राला चारशे तलावांतला एक ग्रॅम सापडतो, पण बोललेलं वाक्य परत उचलून घ्यायची सोय त्यात नाही. मी पुस्तिका वाचली आहे. अहवालात मी लिहिलं: कोरा नमुना, लेबलची चूक, वगळला. शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर सादरीकरण होतं आणि माझी घसरगुंडी पडद्यावर भिंतभर दिसणार होती.

ती दिसली. साहेब म्हणाले, “वा.” सहा वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला तो पहिला ‘वा’.

सोमवारी विहिरीवर जाळी बसली आणि नोटीस लागली. चौदा दिवसांनी एक पक्का नमुना घ्यायचा. त्यातही औषध निघालं तर विहीर कायमची बुजवायची. मामा नोटीस वाचून थेट माझ्या टेबलाशी आले.

“औषध म्हणतोस ते कसलं?”

“दुखण्यावरचं.”

“विहिरीचं काय दुखतंय?”

मला हसू आलं. मामांना आलं नाही. “हे बघ शास्त्रज्ञा, माझा बाप त्या खड्ड्यात चार महिने उतरत होता. पाणी लागलं तेव्हा वर येऊन सहा जण रडले, असं अक्का सांगते. पक्का नमुना मीच घेणार. एकदम काळजीपूर्वक. मग बोलू.”

“घ्या की. तुमचंच काम आहे ते.”

आणि त्यांनी काळजी घेतली. ते दृश्य मी स्वतः पाहिलं, कारण पंचनाम्यासाठी मी हजर होतो. जाळी उचलायची, दोर ओढायचा म्हणजे मनगट दगा देणार, म्हणून मामांनी आधी घरातूनच दुप्पट मलम चोळून घेतलं होतं. अक्का दारात उभ्या. निम्मी गल्ली ओट्यांवर. मामांनी बाटली विहिरीच्या पाण्यानं तीनदा नाही, सातदा खळखळवली. दर वेळी तळहात घट्ट दाबून. एखादं बाळ न्हाऊ घालावं तसं. मी शेजारी वही घेऊन उभा होतो आणि मनात म्हणत होतो, म्हातारा किती मन लावून करतोय.

वास मला येत होता. मलमाचा. छान पुदिन्यासारखा. मला तो ओळखीचा आणि बरा वाटला, एवढंच.

आकडा आधीच्या तिप्पट आला.

ट्रक आले त्या दिवशी मी गेलो नाही. मला नंतर कळलं की पहिला ट्रक मागे येत असताना अक्का मध्ये उभ्या राहिल्या, बादली सोडली, आणि वीस लिटरचा एक कॅन भरून घेतला. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, पाणी विषारी आहे म्हणे.” अक्का म्हणाल्या, “मग तुला देत नाही. हो बाजूला.” मामा त्या दिवशी कामावर होते. उरलेले सात थांबे त्यांनी नेहमीप्रमाणे केले आणि क्रेट टेबलावर ठेवून निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मलम मात्र लावत होते. राग माझ्यावर होता, मलमावर नव्हता.

महिन्याभरानं डॉक्टरांनी मामांचं मनगट प्लास्टरमध्ये घातलं आणि तीन आठवडे रजा दिली. फेरी माझ्याकडे आली. मी हातमोजे घातले, सात बाटल्या भरल्या, कोरी भरली, यंत्राला दिल्या.

घसरगुंडी गायब. सातही थांब्यांवर ते औषध नेहमीइतकं, सपाट. कोऱ्या बाटलीत शून्य.

आता लाज वाटते, पण खरं सांगतो: पहिला तासभर मी आनंदात होतो. विहीर बुजवली, जमिनीत मुरलेलं महिन्याभरात ओसरलं आणि प्रदूषण थांबलं! सिद्धांत सिद्ध! मी मॅडमकडे जायला उठलोसुद्धा. जाता जाता क्रेट जागेवर ठेवू म्हटलं. क्रेटला नऊ खण असतात. सात बाटल्या, एक कोरी. विहिरीचा नववा खण आता रिकामा. त्या खणात, बाटलीच्या जागी, माझी ट्यूब होती. शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली, काटकसरी माणसं आणतात तशी. ती मी हातात घेतली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. इतके आठवडे जे नाव मी आलेखाच्या डोक्यावर ठळक छापत होतो, ते तिथे होतं.

मी तळहाताला मलम चोळलं, एका स्वच्छ बाटलीत शुद्ध पाणी घेतलं, तळहात दाबून तीनदा खळखळवलं, चौथ्यांदा भरलं आणि यंत्राला दिलं. यंत्रानं असा आकडा दाखवला, की माझी विहीर त्यापुढे गरीब वाटावी.

सकाळी सातला मामांचा हात ताजा असायचा, तेव्हा विहीर. आठला शाळा. साडेआठला दवाखाना. बारापर्यंत हातावरचं मलम आठ बाटल्यांत वाटून संपायचं. मी शहराच्या प्रदूषणाचा नकाशा काढलाच नव्हता. मी मामांच्या उजव्या हाताचा नकाशा काढला होता आणि साहेबांनी त्याला ‘वा’ म्हटलं होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी कोऱ्या बाटलीचं विचारलं होतं तुला,” त्या म्हणाल्या. मग, “आणि मी सही केली. म्हणजे विचारून गप्प बसले.” अहवाल मिटून त्यांनी विचारलं, “मामांना कोण सांगणार?”

“मी.”

“अहवालही दुरुस्त करावा लागेल. पण त्यासाठी विहिरीचं पाणी हवं. हात न लागलेलं. ते आता कुठून आणणार?”

अक्कांच्या घरी मी पोचलो तेव्हा मामा खिडकीशी डाव्या हातानं पेपर उलटत बसले होते. खिडकीतून पूर्वी विहीर दिसायची. आता काँक्रीटचा चौकोन दिसत होता आणि त्यावर कुणाची तरी स्कूटर.

मी बसलो नाही. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. ट्यूब, तळहात, कोरी बाटली, सगळं एका दमात सांगितलं. सांगताना ‘पद्धतीतली त्रुटी’ असा शब्द तोंडात आला तो गिळला.

मामांनी प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून पाहिली.

“खळखळवायला मला साहेबांनी शिकवलं,” ते म्हणाले. “मलम लावायला तू शिकवलंस. यात विहिरीनं काय केलं होतं?”

“काहीच नाही.”

“आणि मी तिच्याच भल्यासाठी सातदा—”

अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. “मला तुमचं शास्त्र कळत नाही. म्हणजे पाणी चांगलं होतं?”

“शहरातलं सगळ्यात चांगलं, अक्का.”

“ते मला ठाऊक होतं. मग ट्रक कशाला घेऊन आलास?”

मी कॅनचं विचारलं. नमुन्याला लिटरभर लागेल, म्हणालो. अक्कांनी कोपऱ्यातला कॅन पुढे ओढला. वीसातलं चारेक लिटर उरलं होतं. रोज एक तांब्या, फक्त प्यायला, असं त्या पुरवत होत्या. “त्या दिवशी दोरही मीच ओढला आणि बादलीही माझीच,” त्या म्हणाल्या. “माझं काही दुखत नाही. घे.”

मी मोजे घातले. मामा खुर्चीतूनच सूचना देत होते: झाकण खाली ठेवू नको, हवेत धर, काठोकाठ भर, बुडबुडा राहता कामा नये. एकतीस वर्षांची सवय, रजा असली म्हणून काय झालं. बाटली भरल्यावर कॅनमध्ये किती उरलं ते अक्कांनी वाकून पाहिलं. मी पाहिलं नाही.

यंत्राचा निकाल आला: अठरा औषधांपैकी एकही नाही. कॅनमध्ये साठवलेलं जुनं पाणी, तरी शून्य. मी दुरुस्त अहवाल लिहिला. ‘चुकीचं कारण’ या रकान्यात दीड ओळीची जागा असते. मी तिथे माझं नाव लिहिलं, मलमाचं नाव लिहिलं, वगळलेल्या कोऱ्या बाटलीची तारीख लिहिली. मामांचं लिहिलं नाही. मॅडमनी सही करताना स्वतःचंही नाव वर घातलं. मला लेखी ताकीद मिळाली. तिची भाषा इतकी सौम्य होती की ती वाचून मी दोन दिवस जेवलो नाही.

सोबत मी अर्ज जोडला होता: विहीर पुन्हा उघडावी. राडारोडा काढता येतो, मी चौकशी केली होती. अवघड आहे, पण येतो. पाच आठवड्यांनी खात्याचं उत्तर आलं. ते घेऊन मी गल्लीत गेलो. मामांचं प्लास्टर निघालं होतं. हात जरा बारीक दिसत होता.

“तूच वाच,” ते म्हणाले. “चष्मा आत आहे.”

मी वाचलं. अर्जाचा सहानुभूतीनं विचार करण्यात येईल. साठवलेलं पाणी ग्राह्य नाही. नियमानुसार, जो जलस्रोत खुला करायचा, त्याच स्रोतातून महिनाभराच्या आत घेतलेला ताजा नमुना अर्जासोबत जोडणं आवश्यक आहे.

अक्का म्हणाल्या, “म्हणजे बुजवलेल्या विहिरीतून ताजं पाणी काढून दाखवायचं? मग ती उघडणार?”

“हो.”

त्यांनी मामांकडे पाहिलं. मला वाटलं मामा आता तरी चिडतील, कागद फाडतील, मला दोन लगावतील. त्यांनी कागद हातात घेतला, चष्म्याशिवायच वरून खाली नजर फिरवली आणि व्यवस्थित घडी घातली.

“बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “नमुन्याशिवाय कसं कळणार?”

बाहेर गलका झाला. नळ आला होता. दोन दिवसांतून एकदा, दीड तास. चाळीस घरांच्या बादल्या एकदम निघाल्या. मामांनी कोपऱ्यातली मोठी बादली उचलायला हात घातला, तो बारीक झालेला उजवाच. मी पटकन पुढे झालो.

“द्या मामा, मी नेतो.”

“नको,” मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट समजावणीचा होता. “तू बस. तू मदत केलीस की फार महागात पडतं.”

बादली डाव्या हातात घेऊन ते खाली उतरले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी खिडकीशी बसून राहिलो, ते पुढे सरकेपर्यंत.